दिव्याच्या तेलाची सोय

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वास्तूचे पुढे काय होणार, हे जाणून घ्यायचे असेल तर तिचे वय विचारून उपयोग नाही. ती कोणाच्या ताब्यात आहे, एवढे विचारावे. वास्तू लष्कराकडे आहे की पुरातत्त्व खात्याकडे, देवस्थानाकडे आहे की चौदा वारसांच्या सामायिक मालकीत, की कोणाचीच नाही, यावर तिचे उरलेले आयुष्य ठरते. तिचे सौंदर्य, तिच्या भोवतीच्या लढाया आणि दंतकथा यांचा त्यात फारसा वाटा नसतो.

2024 मध्ये अहिल्यानगर असे नाव मिळालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे, 17,000 चौरस किलोमीटरहून थोडा जास्तच. त्यामुळे वास्तू ताब्यात असण्याचे जवळजवळ सगळे प्रकार इथे एकाच जिल्ह्यात पाहायला मिळतात. पश्चिमेला अकोल्यात रतनवाडीचे अमृतेश्वर आणि हरिश्चंद्रगड, मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबादचे पांढरीचे टेकाड आणि नेवासे, खाली दक्षिणेला भीमेकाठचा पेडगावचा किल्ला, खर्ड्याची रणभूमी आणि चौंडी. मधोमध निजामशाहीने वसवलेले शहर. एवढा ऐवज आहे, आणि तो सांभाळणारे हात पाच-सहा तऱ्हांचे आहेत.

पहिला हात लष्कराचा. शहराचा भुईकोट किल्ला आधी मातीचा होता; हुसेन निजामशहाने 1559 नंतरच्या काही वर्षांत तो दगडात बांधून काढला. 1596 मध्ये चांदबीबीने मोगलांपुढे लढवला तो हाच. 1803 मध्ये वेलस्लीने तो घेतला. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते इथे आणून ठेवले. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि मौलाना आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ या तटांच्या आत लिहिला गेला. आज बुरुज शाबूत आहेत, खंदकाची रेषा शाबूत आहे आणि तटाला टेकून एकही टपरी उभी नाही. कारण सरळ आहे. दारावर पहारा आहे. पण आत जाणे हा परवानगीचा मामला असल्याने किल्ल्याच्या सावलीत आयुष्य काढलेल्या पुष्कळ नगरकरांनी तो आतून निवांत पाहिलेला नसतो. कुलपाने भिंत वाचते. भिंतीशी असलेले नाते मात्र सुटत जाते.

दुसरा हात पुरातत्त्व खात्याचा. 1958 चा केंद्राचा कायदा आणि 1960 चा राज्याचा कायदा यांखाली वास्तू ‘संरक्षित’ ठरते. निळी पाटी लागते. केंद्रीय स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित, ही तरतूद 2010 च्या दुरुस्तीने आणखी कडक झाली. शाह डोंगरावरची सलाबतखानाची अष्टकोनी कबर, जिला सगळा जिल्हा चांदबीबीचा महाल म्हणूनच ओळखतो, किंवा भर पाण्यात बांधलेला फराहबक्ष महाल, हे असे पाटीखाली आलेले. पाटीमुळे शेजारी इमला उठत नाही, हे खरे. पण पाटी छपरावर चढून गवत उपटत नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी 2013 मध्ये पाहणी केली तेव्हा देशभरातली 92 केंद्र-संरक्षित स्मारके जागेवर सापडलीच नव्हती. त्यांतली काही पुढे सापडली, पण यादीत नाव असणे आणि जमिनीवर वास्तू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सरकारी कागदावरच नोंदले गेले. पुढे संसदीय समितीपुढे आलेली आकडेवारी सांगत होती की सुमारे 3,700 स्मारकांपैकी रखवालदार आहेत ते फक्त 248 ठिकाणी. उरलेल्या ठिकाणी राखण करते ती पाटीच.

तिसरा हात भक्तांचा, आणि तो सर्वांत उबदार नि सर्वांत धोक्याचा. देवळाला वर्गणी कमी पडत नाही. पण ती वर्गणी बऱ्याचदा ऑइल पेंट, ग्रॅनाइटची फरशी, स्टीलचे कठडे आणि सभामंडपापुढे पत्र्याची शेड या रूपाने देवळावर चढते. हजार वर्षे उघड्यावर श्वास घेत आलेल्या काळ्या दगडाला रंगाचे कातडे चढले की आतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही. चौथा प्रकार वाड्यांचा. वारस पुण्या-मुंबईला, प्रॉपर्टी कार्डावर चौदा नावे, आणि त्यांतल्या एकालाही एकट्याने कौले बदलण्याची इच्छा नाही. असा वाडा कोणी पाडत नाही. आधी खांबांच्या नक्षीदार तुळया विकल्या जातात, मग दोन पावसाळे उरलेले काम करतात.

पाचवा प्रकार म्हणजे जे कोणाचेच नाही ते. निजामशाहीने कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांतून भाजक्या मातीच्या नळांनी शहरात पाणी आणले. हे खापरी नळ इंग्रजी अमलातही नगरपालिकेने दुरुस्त करून वापरले. किल्ला आणि मशिदी यांपेक्षा हे नळ मला जास्त मोठे स्मारक वाटतात. पावसाची शाश्वती नसलेल्या मुलखात शहर वसवण्याची हिंमत त्यांच्या जोरावर झाली. फराहबक्षच्या तळ्यालाही पाणी पुरवायचे ते असल्या नळांनीच. ताजमहालाची कल्पना शहाजहानला या महालावरून सुचली, असे नगरात अभिमानाने सांगतात. तसे असो वा नसो, महालाला आग्र्याची शिफारस लागू नये. त्याला पाणी कसे मिळत होते, हीच गोष्ट सांगण्याजोगी आहे. पण नळ जमिनीखाली आहेत, त्यांच्यासोबत फोटो काढता येत नाही, आणि रस्ता खणताना जेसीबीच्या दातात खापर आले तर ते कोणाचे नुकसान झाले, हे कोणत्याच वहीत लिहिलेले नाही.

हे पाच प्रकार शेजारी शेजारी ठेवले की वारशाविषयीच्या आपल्या नेहमीच्या चर्चेतला दोष दिसू लागतो. आपण भांडतो ते यादीत कोण आले नि कोण राहिले यावर, नावावर, पुतळ्यावर, कमानीवर. वास्तू मात्र पडते ती देखभालीवाचून, आणि देखभालीसाठी भांडायला कोणी उभा राहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: जुनी वास्तू एकरकमी पैशाने टिकत नाही, ती टिकते दरसालच्या थोड्या पैशाने. दरसालची सोय लावता येत नसेल तर कोटींची घोषणा करून फक्त नवी वास्तू उभी राहते, जुनी नव्हे.

हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते, आणि त्याचा पुरावा जिल्ह्यातल्या सर्वांत पूज्य दगडावर कोरलेला आहे. नेवाशाचा पैस खांब. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे, आणि लाखो वारकरी त्या श्रद्धेने खांबाला कवटाळतात. खांबावर एक शिलालेख आहे. त्यात तत्त्वज्ञान नाही, राजाची बिरुदे नाहीत. करवीरेश्वराच्या अखंड दिव्यासाठी तेलाची सोय म्हणून दिलेल्या दानाची ती नोंद आहे. दिवा रोज जळणार, तर तेल रोज लागणार, तर पैसा दरमहा यायला हवा, इतका साधा हिशेब त्या माणसाने केला आणि दगडावर कोरून ठेवला. करवीरेश्वराचे देऊळ पुढे नाहीसे झाले, खांब तेवढा उघड्यावर उरला. आज तो आहे तो विसाव्या शतकात त्याच्याभोवती बांधलेल्या मंदिरात. मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ ज्याला टेकून सांगितला गेला, तो दगड मुळात देखभालीच्या तरतुदीचा दस्तऐवज आहे.

अशा तरतुदी सगळीकडे होत्या. देवळांना दिवाबत्तीची इनामे होती, दर्ग्यांना आणि मशिदींना वक्फ होते, धर्मशाळेच्या विहिरीचा गाळ काढायला जमिनीचा तुकडा तोडून दिलेला असे. चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी हीच रीत अखिल भारतीय पातळीवर चालवली. त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, देवळे बांधली हे शाळेत शिकवतात. पण ती बांधून झाल्यावर पूजा, अन्नछत्र, नोकरचाकर आणि डागडुजी यांच्यासाठी होळकरांच्या खासगीच्या उत्पन्नातून सालोसाल पैसा जाईल, अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली, हा भाग आपण गाळतो. त्यांचे मोठेपण जेवढे बांधण्यात आहे तेवढेच, किंबहुना अधिक, चालवण्यात आहे. इंग्रजांनी इनामांची चौकशी केली, नंतर कूळकायदे आले, पुष्कळ जमिनी वादात आणि अतिक्रमणात गेल्या, आणि वास्तूचा तिच्या उत्पन्नाशी असलेला धागा तुटला. ती व्यवस्था पुन्हा आणावी, असे मी म्हणत नाही. इनामाच्या शेतात राबणाऱ्याच्या घामावर देवळातला दिवा जळत होता, हेही विसरता येत नाही. पण व्यवस्था मोडताना तिच्यामागचा हिशेब तरी नव्या सरकारी व्यवस्थेने उचलायला हवा होता. तो उचलला गेला नाही.

त्याऐवजी आले ते सुशोभीकरण. त्याची यादी कोणत्याही तालुक्यात सारखीच निघते: प्रवेश कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, बसायला सिमेंटची बाके, आणि लोकप्रतिनिधींच्या नावांचा संगमरवरी फलक. या सगळ्याचे अंदाजपत्रक करता येते, निविदा काढता येते, उद्‌घाटन करता येते आणि बिल निघते. पिंपळ उपटण्याचे उद्‌घाटन होत नाही.

पिंपळाचेच पाहा. चुन्याच्या दगडी भिंतीवर पाखराच्या विष्ठेतून बी पडते. पहिल्या पावसाळ्यात दोन पानांचे रोप येते. ते चिमटीत धरले की मुळासकट हातात येते. तिसऱ्या वर्षी मूळ सांध्यात शिरलेले असते, तेव्हा ते कापावे लागते आणि जखमेवर औषध लावावे लागते. दहाव्या वर्षी मूळ मनगटाएवढे होते आणि चिरे एकमेकांपासून सरकायला लागतात. आता पिंपळ काढला तर भिंत पडते आणि ठेवला तरी पडते. मग तज्ज्ञ येतात, प्रस्ताव जातो, पाच वर्षांनी लाखांचे अंदाजपत्रक मंजूर होते, आणि कंत्राटदार सांध्यांत सिमेंट भरून मोकळा होतो. सिमेंट कडक, दगडातला जुना चुना मऊ. पाणी सिमेंटच्या मागे अडकते, चुना विरघळतो आणि पुढच्या दहा वर्षांत उरलेला भाग फुगतो. पहिल्या पावसाळ्यात एका माणसाच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे काम होते. अर्धा दिवस कोणाच्या कामात मोडतो, हे ठरले नव्हते, म्हणून ही वेळ आली.

इथे हमखास एक आक्षेप येतो: दुष्काळी जिल्हा, टँकरची गावे, शाळांची छपरे गळतात, जुन्या दगडांवर खर्च कशाला? याचे उत्तर भंडारदऱ्याला आहे. विल्सन धरणाचे काम 1910 मध्ये सुरू झाले आणि 1926 मध्ये संपले. सुमारे 82 मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक होती. प्रवरेच्या कालव्यांवर उत्तर नगरची बागायत उभी राहिली आणि प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली ती त्याच जोरावर. 1969 साली भिंतीला तडे दिसले, तेव्हा ‘राष्ट्रीय महत्त्वाचे की स्थानिक’ असा वाद घालत कोणी बसले नाही. पाणी उतरवले, भिंतीला मागून टेकू देऊन मजबुती केली. शंभर वर्षांचे हे स्मारक आज ठणठणीत आहे, कारण त्याच्या देखभालीसाठी स्वतंत्र खाते आहे, माणसे आहेत, दरसालची तपासणी आहे, आणि ते ढासळले तर काय होईल हे सगळ्यांना कळते. म्हणजे जुने बांधकाम सांभाळायचे कसे, हे या राज्याला येत नाही असे नाही. चांगलेच येते. जिथे नुकसान लगेच दिसते तिथे ते केले जाते.

दुसरा आक्षेप असा की गावाच्या हाती दिले तर गाव रंग फासेल. हे मी वर स्वतःच लिहिले आहे. पण रंग फासणारा गाव वास्तूवर प्रेम करणारा गाव असतो. त्याला चुकीचे साहित्य मिळालेले असते. चुना भिजवून, घाणीत मळून, गूळ-बेलफळ घालून दरजा भरणारे गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि गावाला विचारायचे म्हटले तरी विचारायला माणूस नाही. बारव मोहिमेतल्या स्वयंसेवकांनी राज्यभर झुडपांत बुडालेल्या पायविहिरी मोकळ्या केल्या, महाशिवरात्रीला त्यांच्या पायऱ्यांवर दिवे लावले. त्या एका रात्रीत गावाला आपल्याकडे काय आहे हे कळते, आणि त्याचे मोल मोठे आहे. पण दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याच पायरीवर पुन्हा घाणेरी उगवते. उत्साह हे तेल नव्हे. तो फक्त काडी ओढतो.

तिसरा आक्षेप उघड कोणी बोलत नाही, पण निर्णयांत तो असतो: हा वारसा कोणाचा? निजामशाहीची कबर ‘त्यांची’, यादवकालीन देऊळ ‘आपले’, ब्रिटिशांचे धरण ‘सरकारचे’. नगरला हा हिशेब लावून पाहिला तर जागोजागी गुंता होतो. शहाजी आणि शरीफजी ही भोसले घराण्यातली नावे नगरच्या शाह शरीफ दर्ग्यावरून ठेवली, अशी परंपरा आहे. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी-दमडी गोळा करून दमडी मशीद उभारली, असे लोक सांगतात. त्या मजुरांत कोण कोणत्या धर्माचे होते, याची मोजदाद कोणी केली नाही. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत छातीभर गार पाण्यात पिंड आहे; चार खांबांपैकी एकच उभा आहे. त्या खांबाला शिवभक्त जपतो आणि भूगोलाचा विद्यार्थीही जपतो. देखभालीच्या यादीत असला प्रश्न येतच नाही. गवत उपटायचे तर ते कोणाच्या छपरावरचे आहे हे पाहायचे नसते, ते किती वाढले आहे एवढेच पाहायचे असते. ज्याला वारशाचे राजकारण खरोखर कमी करायचे आहे त्याने म्हणूनच घोषणेपेक्षा डागडुजीवर पैसा लावावा.

आणि पैसा आहे. 6 मे 2025 रोजी मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, आणि चौंडीच्या स्मृतिस्थळाच्या आराखड्याला सुमारे 681 कोटी रुपये मंजूर झाले. त्यांच्या गावाचा मान व्हावा, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण त्यांच्याच पद्धतीने एक हिशेब करून पाहावा. या रकमेच्या फक्त एक टक्का, म्हणजे पावणेसात कोटींच्या आसपास, कायम ठेव म्हणून बाजूला काढला आणि 6 टक्के व्याज धरले, तर वर्षाला 40 लाखांच्या वर हाती येतात. जिल्ह्याचे तालुके चौदा. प्रत्येक तालुक्याला दरसाल सुमारे 3 लाख. एवढ्यात महाल उभा राहत नाही, पण मे महिन्यात दोन गवंडी आणि चार मजूर लावून तालुक्यातली प्रत्येक जुनी वास्तू पावसाळ्याआधी पाहून घेता येते. पन्हाळी मोकळ्या करता येतात, रोपे उपटता येतात, सांध्यात चुना भरता येतो. कोकणातला माणूस जशी आभाळ भरून येण्याआधी घर शाकारून घेतो, तशी ही जिल्ह्याची शाकारणी.

त्यासाठी एक वहीही लागेल. याद्या आपल्याकडे आहेत, केंद्राची, राज्याची, गॅझेटिअरमधली. हवी ती नोंदवही, आणि तिचे रकाने वेगळे: वास्तू कुठे, ताबा कोणाकडे, शेवटची दुरुस्ती कधी आणि कशाने, पुढची तपासणी कधी, यंदाची रक्कम किती. अशी वही झाली की दायमाबादसारखी जागाही तिच्यात बसते. 1974 मध्ये तिथे झाडाची मुळे खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस असे साठ किलोंहून जास्त वजनाचे तांब्याचे शिल्प-वैभव हाती आले. ते गेले दिल्ली-मुंबईच्या संग्रहालयांत. गावाजवळ उरले टेकाड. त्याच्यावर पाहण्यासारखे काही नाही, म्हणून त्याची नांगरट कोणी थांबवत नाही. डॉ. सांकलियांनी 1954 ते 56 मध्ये नेवाशाला लाडमोड टेकडीवर उत्खनन केले आणि अश्मयुगाच्या अभ्यासात नेवाशाचे नाव जगभर गेले. तीही अशीच मातीची जागा. किल्ला पडला तर आवाज होतो. टेकाड नांगरले तर कळतही नाही. पण नोंदवहीत ‘तपासणीची तारीख’ असा रकाना असेल तर ते टेकाड पाहायला वर्षातून एकदा कोणाला तरी जावे लागेल.

हे काम जिल्ह्याच्या पातळीवरच व्हायला हवे. केंद्र फार दूर आहे, ग्रामपंचायत फार लहान आणि तंत्राविना. जिल्ह्याकडे अभियंते आहेत, वार्षिक योजना आहे, आणि त्या योजनेतला ठरावीक हिस्सा गडकिल्ले, मंदिरे आणि स्मारकांच्या संवर्धनासाठी वापरण्याची मुभा राज्याने अलीकडे दिलेली आहे. मुभा वापरून पुन्हा कमान आणि पेव्हर ब्लॉकच आले, तर दोष कायद्याचा नाही. मागणीचा आहे. लोकांनी जे मागितले ते मिळाले.

म्हणून मागणी बदलावी लागेल, आणि ती बदलायला कायदा लागत नाही. उद्या गावच्या जुन्या देवळाला, वेशीला किंवा बारवेला निधी मिळाल्याची घोषणा झाली, तर ग्रामसभेत हात वर करून तीन गोष्टी विचाराव्यात. यातली किती रक्कम जुन्या दगडाला लागणार आणि किती नव्या सिमेंटला? पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी पैसा कुठून येणार? आणि गवत उपटायचे काम कोणाच्या नावावर लिहिले आहे? तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचे नाव मिळाले नाही, तर निधी कितीही मोठा असो, त्या ठरावाला सही देऊ नये.